तबकडीवरील ठेव

पेणच्या मूर्तिशाळेंत साचा झिजला तर मूळ मूर्तीवरून दुसरा काढतां येतो. घरच्या संगणकांतील छायाचित्रें आणि हिशेब जपूं पाहणाऱ्या गृहस्थाला मात्र, विसाव्या शतकाच्या अखेरीस, एवढी मुभा नव्हती. त्याचा आधार म्हणजे सीडी. तिची धारणा अवघी ६५० ते ७०० मेगाबाइट. एकदांच लिहावयाच्या या तबकडींत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसर किरणाच्या उष्णतेनें त्यावर खुणा उमटतात, आणि त्या पुसतां येत नाहींत. माहितीचा ओघ क्षणभर खंडला कीं तबकडी वाया! मूर्तीचे डोळे आंखतांना कारागीर श्वास रोखतो. येथें सारें घर श्वास रोखून बसे, आणि कोणीं संगणकाला हात लावला कीं ओरड होई.

२००० सालीं सान्यो कंपनीनें थांबलेलें लेखन जेथल्या तेथें पुढें चालविण्याची युक्ति आणली. ती खरोखर उपकारक. पण लिहिलेलें टिकेलच, याची हमी तींत नव्हती. ऊन आणि कोंकणांतील दमट हवा या थराला मानवत नाहीं. कित्येक तबकड्या कांहीं वर्षांनीं उघडतच नाहींत. लिहितांच पडताळा घ्यावा, दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. जुलै २००५ मध्यें रायगड जिल्ह्यांत आले तसे पूर पुन्हां आले, तर एकाच कपाटांतील संगणक आणि तबकडी एकदमच जावयाचीं.