पेटीतला आरसा

जबलपूरच्या गोहलपूर भागातील आमच्या घरी एक छायाचित्र आहे. १९५६ च्या दिवाळीत आजोबांनी ते अंगणात घेतले. त्यात आजी आहे, वडील आहेत, काका आहेत. उजवीकडे रिकामी भिंत पुष्कळशी आली आहे. डाव्या कडेला मात्र एका झग्याची किनार तेवढी दिसते. तो झगा माझ्या आत्याचा. ती तेव्हा सहा वर्षांची होती. ‘मुलगी म्हणून मला वगळले’ हे शल्य तिने जन्मभर उरात बाळगले.

गेल्या वर्षी माळा आवरताना आजोबांचा पेटी-कॅमेरा हाती आला. १९०० साली कोडॅक कंपनीने काढलेल्या पहिल्या ब्राउनीला दृश्य पाहण्याची खिडकीच नव्हती. पेटीच्या माथ्यावरील रेषांवरून नेम धरावा लागे. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या ब्राउनीत दोन खिडक्या बसविल्या गेल्या : एक उभ्या चित्रासाठी, एक आडव्या. आजोबांची पेटी त्याच कुळातली. समोर इवलेसे भिंग, त्यामागे पंचेचाळीस अंशांत कललेला आरसा, वर काच. पेटी पोटाशी धरून, मान लववून त्या काचेत पाहायचे.

आरसा धुरकटला होता. नवा तुकडा कापून बसविला आणि आत डोकावलो. समोरचे दृश्य सुलटे दिसते; पण डावे ते उजवे होते. डावीकडे जाणारा माणूस काचेत उजवीकडे सरकतो. त्याला गाठावे म्हणून हात पेटी उजवीकडे वळवितो, आणि तो चौकटीबाहेरच जातो! फिल्मवर आठच चित्रे मावत. फसलेले कोणते, हे ती धुऊन आल्यावरच कळे.

मी पेटी आत्याच्या हाती दिली आणि माझ्या मुलाला डावीकडे चालावयास सांगितले. तिने त्याला काचेत धरू पाहिले, पेटी उजवीकडे वळविली. मुलगा नाहीसा झाला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

सरकारी नोकरीत पुरावे तपासण्यात माझी वर्षे गेली आहेत. हा पुरावा निर्णायक नाही, हे मी जाणतो. परंतु ती रिकामी भिंत नेमकी उजवीकडेच आहे.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग पेटी मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, “म्हणजे नाना मला शोधत होते.”