विळा घरी, बिल्ला छातीवर

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे आहेच. पण मोर्चा तोंडावर आला आहे, म्हणून आधी घरातलीच एक गोष्ट उरकून घेऊ. ती म्हणजे आपल्या कमरेचा विळा.

मागे एका आंदोलनात माझ्याच हातून चूक झाली. मी सांगून बसलो, "आपापली अवजारे घेऊन या, सरकारला कळू दे कष्ट कोण करतो." लोक आले. विळे आले, कुऱ्हाडी आल्या. कुणी दगडसुद्धा उचलला नाही. पण त्या दिवशी जिल्ह्यात मनाई हुकूम होता. काहीजणांवर गुन्हे दाखल झाले. घोषणा माझी, तारखा त्यांच्या. कापूस पडेल भावाने विकायचा आणि त्यातूनच वकिलाची फी आणि एस.टी.चे भाडे भरायचे. ते पाहिल्यावर मी कायदा वाचायला बसलो.

१९५९ चा शस्त्र अधिनियम सांगतो, केवळ घरकामासाठी किंवा शेतीकामासाठी बनवलेली वस्तू हे शस्त्र नव्हे. नियमांतल्या धारदार शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तसली हत्यारे आहेत. तिथेही घरची आणि शेतीची अवजारे वगळली आहेत. म्हणजे ज्वारी सोंगायचा विळा, पऱ्हाटी तोडायची कुऱ्हाड घेऊन शेतात जाणारा माणूस गुन्हेगार नाही.

इथेच आपला माणूस फसतो. त्याला वाटते, अवजार शेतीचे आहे, मग कुठेही चालेल. चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. सणवार, निवडणूक, आंदोलन आले की जिल्हादंडाधिकारी त्याखाली हुकूम काढू शकतात. त्या हुकुमात सुरा येतो, साधी काठी येते, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. तिथे इंच मोजत नाहीत. कलम १३५ प्रमाणे शिक्षा १ वर्षापर्यंत, न्यायालयाने खास कारण नोंदवले नाही तर ४ महिन्यांहून कमी नाही, वर दंड. ४ महिने म्हणजे कोरडवाहू माणसाची पेरणीपासून पहिल्या वेचणीपर्यंतची अख्खी मेहनत!

दुसरे, जमाव बेकायदा ठरला आणि त्यात तुमच्याजवळ प्राणघातक हत्यार निघाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचा विळा गवताचा की भांडणाचा, हे मग तुम्हाला कोर्टात सांगत बसावे लागते.

तेव्हा वागायचे कसे?

अवजार कामाला न्यायचे आणि कामावरून घरी आणायचे. बाजाराच्या दिवशी लोहाराकडून धार लावून आणली, तर पाते पोत्यात गुंडाळून बांधा. नवे घेतले तर पावती खिशात ठेवा. आधी घरी जा, अवजार ठेवा, मग सभेला या. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोयते सामानात बांधूनच न्यावेत. तरण्या पोरांनी बटणाचा चाकू खिशात ठेवू नये. तो शेतीचे अवजार आहे हे कुणालाही पटणार नाही.

मोर्चाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात जाऊन मनाई हुकूम आहे का, हे विचारून यावे.

पोलिसांनी अडवलेच, तर अवजाराला हात लावू नका, हुज्जत घालू नका. कुठून आलो, कुठे चाललो, सरळ सांगा. पंचनामा वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण तिने बंधनकारक केले आहे, त्याची आठवण नम्रपणे करून द्या. अटक झाली तर कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे भाग आहे.

कुणी म्हणेल, हा भित्रेपणा झाला. नाही. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र. आपण रिकाम्या हाताने गेलो, तर भावाचा प्रश्न सरकारला टाळता येत नाही. विळा दिसला की उद्याच्या बातमीत विळाच येतो, भाव येत नाही.

म्हणून येताना ज्वारीचे कणीस आणा, कापसाचे बोंड आणा. पऱ्हाटीची काठीसुद्धा नको. बिल्ला तेवढा विसरू नका.