‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून

(हाटकेश, मीरा रोड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवर बोलणार आहे. हाटकेशमध्ये आपण ज्या इमारतींत राहतो, तिथे मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू बोलणारी घरे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. एकमेकांच्या शब्दावर भरवसा असेल तरच हे शेजार टिकते. तो भरवसा बेफिकीर शब्दाने कसा जातो, हे या गोष्टींनी आपल्याला कधीच सांगून ठेवले आहे.

‘लांडगा आला रे आला’ सर्वांना पाठ आहे. मेंढपाळाच्या पोराने गावाला दोनदा फसवले, तिसऱ्यांदा लांडगा खरोखर आला तेव्हा कुणी धावले नाही. आपण मुलांना म्हणतो, बघ, खोटे बोलू नये. पण जीव गेला तो मेंढ्यांचा. त्या तर खोटे बोलल्या नव्हत्या. खोट्याची किंमत पुष्कळदा तिसराच कुणी मोजतो.

दुसरी गोष्ट पंचतंत्रातली. एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चालला होता. तीन ठक वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी भेटले आणि प्रत्येकाने म्हटले, महाराज, खांद्यावर हे कुत्रे का घेतले? तिसऱ्याने म्हटल्यावर त्याने बोकड टाकून दिला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ‘कलीला व दिमना’ अरबीत आणले, त्यातही ही गोष्ट आहे. फक्त ब्राह्मणाच्या जागी साधक आहे. माणसे सगळीकडे सारखीच फसतात, म्हणून गोष्ट सीमा ओलांडून गेली. ठकांना तर आपण नावे ठेवतोच, पण ही गोष्ट ऐकणाऱ्यासाठी आहे. तीन तोंडांतून आले म्हणून खोटे खरे होत नाही. आज तीन ग्रुपवर तोच मेसेज दिसला की आपणही खांद्यावरचा बोकड खाली टाकतो.

यात हसण्यासारखे काही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण आठवडी बाजाराच्या दिवशी आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने पाचही जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

१६ एप्रिल २०२० रोजी आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, तशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. इथे एका अफवेवर दुसरी चढली. या हत्येला धर्माचा रंग देणारे मेसेज फिरू लागले. शेवटी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की त्यात एकही मुस्लिम नाही. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले. दुसरी दूरदूरच्या वस्त्यांत, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्या दाराशी पोहोचली.

आता आपल्या मराठीचीच गोष्ट घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीत ‘धरावे’ लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. एका अक्षराने माणूस मरतो, हा धडा मोलाचा आहे. पण इतिहासकारांमध्ये या चिठ्ठीबद्दल एकमत नाही. म्हणजे शब्द जपून वापरा हे शिकवताना आपण एका बाईवर अडीचशे वर्षे बिनदिक्कत आरोप करत आलो. त्याच प्रकरणात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी आधी चौकशी केली आणि मग सत्तेवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवले. ‘ध’चा ‘मा’ सांगताना रामशास्त्रीही सांगायला हवेत. प्रामाणिकपणा म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे. खात्री करून घ्यावी, आणि खात्री झाल्यावर घाबरू नये.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्येही हाच क्रम आहे: बातमी आली की आधी पडताळणी, नाहीतर अजाणता कुणावर अन्याय होतो आणि मागाहून पस्तावावे लागते. हे आपण वाचतो. मग मेसेज आपल्या बाजूचा असला की पडताळणी का विसरतो? दुसऱ्या समाजाविषयीचे वाईट लगेच पटते आणि आपल्याविषयीचे वाईट लगेच खोटे ठरते. ही सवय इकडेही आहे, तिकडेही आहे.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. सोसायटीच्या ग्रुपवर काही आले, तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा: हे कुणी पाहिले? कधी, कुठे? चुकीचे निघाले तर कुणाचे नुकसान होईल? उत्तर नसेल तर बोट थांबवा. ज्या समाजाविषयी मेसेज आहे, त्या समाजातला एक तरी शेजारी असा ठेवा की त्याचे दार वाजवून विचारता येईल. आणि रात्री मुलांना लांडग्याची गोष्ट सांगाल तेव्हा शेवटी एक प्रश्न जोडा: त्या मेंढ्यांचे काय चुकले होते?