आधी नाच, मग चित्र



रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मी दुसरीला चित्रकला शिकवते. मी फळ्यावर माणूस काढायचे, मुलं तसाच ताठ माणूस वहीत उतरवायची.

यंदा गणपतीनंतर त्यांना पटांगणात जाखडी नाचायला लावली. मध्ये ढोलकी नि गाणारे, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. दमल्यावर कागद, खडू दिले. म्हटलं, "पाय कसे फिरले, ते काढा."

एकाने नुसती गोल गोल रेघ काढली. मी ती खोडणारच होते. विचारलं, "माणसं कुठायत?"

"बाई, नाचतायत ना! थांबली की दिसतील."

तेव्हापासून फळ्यावर माणूस काढणं सोडलं. या शाळेत मी कधी बाकावरून उठले नाही. म्हणून आज हे सांगावंसं वाटलं.