पोरगी म्हणते, गिटार शिकायचीय

आज शेळीपालन नाही, शिलाई नाही, की हप्त्यांची गोष्ट नाही. आज बोलायचंय गिटारबद्दल. हसू नका, आधी ऐकून घ्या.

मी सहयोगिनी म्हणून ज्या गावांत फिरते, तिथं यंदा दोन-तीन गटांच्या बैठकीत हाच विषय निघाला. बारावी झालेली मुलगी म्हणते, मला म्युझिक कॉलेजात जाऊन गिटार शिकायचीय. आई गटाकडे कर्ज मागते. मग एक म्हणते, हे काय नवीन खूळ? दुसरी म्हणते, लग्नाला खर्च करायचा की तारा छेडायला? आणि पोरगी मान खाली घालून बसते. गटाला हो म्हणता येत नाही, कारण त्या शिक्षणात काय असतं हेच माहीत नसतं. नाही म्हणायचं तरी तेच कारण. म्हणून मी जरा माहिती गोळा केली. तीच आज सांगते.

गिटार तुम्ही पाहिली आहे. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात एक जण गळ्यात पट्टा अडकवून वाजवतो, ती. तिला सहा तारा असतात. सतारीसारखे पडदे असतात, पण गिटारचे पडदे दांड्यात पक्के बसवलेले असतात. डाव्या हाताच्या बोटांनी तार पडद्यामागे दाबायची आणि उजव्या हातानं छेडायची. दोन-तीन तारा एकदम दाबून तीन किंवा जास्त सूर एकत्र वाजवले, की त्याला कॉर्ड म्हणतात. सिनेमातल्या गाण्याच्या मागं जो भरीव आवाज येतो, तो बऱ्याचदा या कॉर्डचा असतो.

आता हे वाद्य कॉलेजात कधी गेलं? अमेरिकेत बोस्टन शहरात बर्कली कॉलेज ऑफ म्युझिक आहे. लॉरेन्स बर्क नावाच्या इंजिनिअर माणसानं १९४५ साली ती संस्था सुरू केली. तोवर मोठ्या संगीत शाळांत युरोपातलं जुनं शास्त्रीय संगीत शिकवायचे. लोक नाचगाण्याच्या जागी जे जॅझ ऐकायचे, ते शिकवायची जागा ही नव्हे, असं मानायचे. बर्क म्हणाले, आज माणसं जे वाजवून पोट भरतात, तेच शिकवू. पुढं १९६०च्या दशकात तिथं गिटार हा मुख्य विषय झाला. विल्यम लेविट नावाचे शिक्षक गिटार विभागाचे प्रमुख होते. शिकवायला धड पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. जगभरचे गिटारचे विद्यार्थी आजही ते पुस्तक वापरतात.

हे ऐकून मला आपले विष्णु दिगंबर पलुस्कर आठवले. कुरुंदवाडचा माणूस, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, नाहीतर दरबाराच्या आश्रयाला जायचं. चांगल्या घरच्या बाईनं गाणं म्हटलं तर लोक नावं ठेवायचे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग आले, पुस्तकं आली, पुढं परीक्षा आल्या. आज आपल्या तालुक्याच्या गावी एखादी मुलगी गाण्याची परीक्षा देऊन येते तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. शाळा आली आणि गाण्याला मान आला. गिटारचंही तसंच झालंय, फक्त आपल्यापर्यंत यायला वेळ लागला.

बरं, कॉलेजात करतात काय दिवसभर? पोरं टाळ्या घेत स्टेजवर उभी असतात, असं वाटतं ना? तसं नाही. पहिला विषय हाताचा. घड्याळासारखी टकटक करणारं यंत्र असतं, मेट्रोनोम. त्याच्या ठेक्यावर तोच सूर, तोच सरगमेचा चढ-उतार शंभरदा वाजवायचा, आधी सावकाश, मग जलद. दुसरा विषय कानाचा. शिक्षक पेटीसारख्या वाद्यावर सूर वाजवतात आणि मुलांनी तो ओळखून कागदावर लिहायचा. तिसरा विषय वाचनाचा. पाच आडव्या रेघांवर ठिपक्यांनी गाणं लिहिलेलं असतं. न ऐकलेलं गाणं समोर आलं, तरी वाचून वाजवता आलं पाहिजे. चौथा विषय मिळून वाजवण्याचा. ढोलवाला, गाणारी, कीबोर्डवाला आणि गिटार असा गट करतात. दुसरा वाजवत असताना आपण किती थांबायचं, कुठं हळू व्हायचं, हे तिथं कळतं. बैठकीत सगळ्या एकदम बोलल्या तर इतिवृत्त लिहिता येतं का? तसंच ते. शिवाय रेकॉर्डिंग, गाण्याची बांधणी, आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षकांसमोर वाजवून दाखवणं.

आणि प्रवेशही असा सहज मिळत नाही. बर्कलीत जायचं तर आधी वाजवून दाखवावं लागतं आणि मुलाखत द्यावी लागते. म्हणजे कॉलेज कोऱ्या पाटीला शिकवत नाही, काही वर्षं घासलेल्या हाताला शिकवतं.

पोरींना जमतं का, असंही मला एका बैठकीत विचारलं. एमिली रेमलर नावाची अमेरिकन मुलगी बर्कलीत शिकली. त्या काळी जॅझ गिटार म्हणजे पुरुषांचं राज्य. १९७६ साली तिनं तिथला अभ्यास पूर्ण केला तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढं मोठमोठ्या कलाकारांच्या बरोबरीनं ती वाजवायला बसली. आपल्याकडं वाराणसीच्या कमला शंकर गिटार मांडीवर आडवी घेऊन आपले राग वाजवतात. म्हणजे जमण्याचा प्रश्न मिटला.

राहिला पैशाचा. बर्कलीची वर्षाची फीच पन्नास हजार डॉलरच्या घरात आहे. आपल्या रुपयांत चाळीस लाखांच्या वर. तिथं शिष्यवृत्त्या आहेत, पण ते आपलं पहिलं पाऊल नव्हे. आपल्या देशातही सोय झाली आहे. ए. आर. रहमान यांनी २००८ साली चेन्नईत संगीताची संस्था काढली. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. मुंबई-पुण्यात खासगी संस्था आहेत. शिवाय लंडनच्या ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या संस्थांच्या गिटारच्या परीक्षा भारतात बसून देता येतात. त्या आठ ग्रेडपर्यंत असतात.

आता एका गटात काय झालं ते सांगते. गावाचं नाव घेत नाही. एका ताईंनी मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी ५० हजारांची मागणी ठेवली. एक मावशी लगेच म्हणाल्या, "तेवढ्यात शेळ्या घेतल्या तर पिल्लं होतील. गिटारला काय होणार?" त्यावर अध्यक्ष म्हणाल्या, "शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, बाजारात भाव विचारतो. मग पोरीचंही नीट विचारून घेऊ की. तिलाच बोलवा."

मुलगी आली. तीन वर्षं मोबाईलवर बघून शिकली होती, ती पण मामाच्या जुन्या गिटारवर. भजनातला एक अभंग तिनं वाजवला. मग गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींनी तिचा डावा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं दाबून बघितली. म्हणाल्या, "घट्टे पडलेत गं. खुरपं धरतीस का?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, तारेचे आहेत." त्यानंतर बैठकीत कुणी खूळ हा शब्द काढला नाही.

पण घट्टे बघून ५० हजार दिले नाहीत बरं का. कॉलेजच्या कागदांवर प्रश्न विचारले. त्यातल्या दोनांची उत्तरं घरच्यांकडे नव्हती. तेव्हा गटानं ठरवलं, सध्या १२ हजार द्यायचे, शेकडा एक रुपया व्याजानं. त्यात साधी चांगली गिटार घ्यायची, जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून दोनदा शिकवणीला जायचं आणि वर्षात ग्रेडची परीक्षा द्यायची. गावातल्या चार पोरांना ती शिकवते, त्या पैशातून हप्ता भरायचा. वर्षानं अर्ज पुन्हा ठेवायचा. मुलगी जरा हिरमुसली. आईचा चेहरा मात्र हलका झाला. ठराव इतिवृत्तात लिहिला आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

तुमच्याही गटात असा अर्ज आला, तर हे प्रश्न विचारा. कागद घ्या, लिहून ठेवा.

पहिला, मुलगी किती वर्षं वाजवते आणि रोज किती वेळ? कुणी सांगितल्याशिवाय बसते का?

दुसरा, शेवटी हातात काय मिळणार? पदवी, पदविका की संस्थेचं स्वतःचं सर्टिफिकेट? पदवी असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची? शैक्षणिक कर्ज देताना बँका मान्यता बघतात, म्हणून हे आधी बँकेत जाऊन विचारा.

तिसरा, सगळा मिळून खर्च किती? फी, राहणं, जेवण, प्रवास, गिटार, तिचा स्पीकर, तुटणाऱ्या तारा. आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, हे लेखी घ्या.

चौथा, शिकवतं कोण? मागच्या दोन वर्षांत शिकून गेलेली मुलं आज काय करतात? त्यांतल्या दोघांशी तरी फोनवर बोला. संस्थेचा चकचकीत कागद वाचून समाधान मानू नका.

पाचवा, मुलगी राहणार कुठं? या कामात कार्यक्रम रात्री असतात. परत येण्याची सोय कोण करणार?

सहावा, पैसे फिटणार कसे? गिटारवाल्याला महिन्याचा बांधील पगार क्वचितच असतो. शिकवण्या, शाळेतली संगीत शिक्षकाची नोकरी, ऑर्केस्ट्रा, स्टुडिओतलं वाजवणं, असं चार ठिकाणचं मिळून पोट भरतं. काही महिने बरे जातात, काही कोरडे जातात. शेतीवाल्या घराला हे समजावून सांगायला नको.

मैत्रिणींनो, पोरीनं नर्सिंगला जायचं म्हटलं तर आपण हेच विचारतो. गिटारलाही तेच विचारा, त्याहून कडक नको आणि त्याहून सैलही नको. उत्तरं पटली तर जमेल तेवढं द्या. नाही पटली तर काय कमी पडतंय ते तिला सांगा, म्हणजे तिला तयारी करता येईल. नुसतं हसून अर्ज बाजूला ठेवू नका. हसण्याचं कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही.

आणि पोरींनो, तुम्हांला एक सांगते. गटाच्या बैठकीत यायला लाजू नका. वाद्य घेऊन या. आईच्या तोंडून अर्ज ठेवण्यापेक्षा स्वतः बोला आणि वाजवून दाखवा. कॉलेजचे परीक्षक तरी दुसरं काय बघतात?

पुढच्या मंगळवारी रेशीम उद्योगाची माहिती घेऊन येते. तोवर रजा घेते. नमस्कार.