फॉर्म भरला, पुढे काय?

(जरीपटका, नागपूर येथे दहावीचे विद्यार्थी, पालक आणि तरुण कार्यकर्ते यांच्यासमोर केलेलं भाषण)



समोर दहावीची मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्या मागे अम्मी-अब्बा, आणि दाराशी माझ्यासारखे नोकरी करणारे उभे आहेत. मी आज मुख्यतः दाराशी उभे असलेल्यांशी बोलणार आहे. पण बाकीच्यांनीही ऐका, कारण विषय तुमचाच आहे.

एका मुलापासून सुरुवात करतो. नाव सांगत नाही. अब्बांचं वेल्डिंगचं छोटं दुकान, शाळा उर्दू माध्यमाची, दहावीला चांगले मार्क. रात्री जागून मी त्याचा पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला, कागद स्कॅन केले, कॉलेजांचा क्रम लावून दिला. मेकॅनिकलला नंबर लागला. मिठाई झाली. मी फोटो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली 'माशाअल्लाह'ची रांग लागली. मग मी माझ्या कामाला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात तो मला मोबाईलच्या दुकानात काउंटरमागे दिसला. कॉलेज दिवाळीच्या आधीच सुटलं होतं. मी विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "भाईजान, फॉर्म तो आपने भर दिया. बाद में कोई आया ही नहीं."

त्याने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आता आधी रस्ता समजून घेऊ, कारण पुष्कळ घरांत दहावीनंतर एकच रस्ता माहीत असतो: अकरावी सायन्स. तो वाईट नाही. पण दुसरा रस्ता असा आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. डिप्लोमाला 45 टक्के, आरक्षित प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी पात्र. त्यासाठी सीईटी नाही, डिप्लोमाचे मार्क धरतात. ज्याला डिप्लोमाही जड वाटतो त्याने दोन वर्षांचा आयटीआय करावा. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयपासून बी.ई.पर्यंत शिडी आहे. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याकांसाठी जादा पाळ्या चालतात आणि त्यांतल्या 70 टक्के जागा अल्पसंख्याक मुलांसाठी असतात. मी स्वतः डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला आहे.

आणि हे काही दूर नाही. इथून थोड्याच अंतरावर सदरला, मंगळवारी बाजाराजवळ, शासकीय पॉलिटेक्निक आहे. ते 1914 पासून आहे. अंजुमनचं पॉलिटेक्निकही त्याच भागात आहे. ज्या मोहल्ल्यातून सायकलवर तिथे जाता येतं, त्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ मुलांनी त्याचं फाटक आतून पाहिलेलं नाही.

अमेरिकेत या पायरीला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 साली सुरू झालं, तेव्हापासून तिथे ही व्यवस्था आहे: दोन वर्षं जवळच्या, स्वस्त कॉलेजात शिका, मग मोठ्या विद्यापीठात पुढची वर्षं पूर्ण करा. आपल्या डिप्लोमासारखंच. आणि अडचणही सारखीच. तिथल्या अभ्यासकांना दिसलं की शाळा संपवलेली, प्रवेश नक्की झालेली काही मुलं कॉलेज सुरू होण्याच्या दिवशी येतच नाहीत. मधल्या सुट्टीत कुठेतरी गळतात. याला ते 'समर मेल्ट' म्हणतात, म्हणजे उन्हाळ्यात वितळून जाणं. अशी मुलं गळण्याची कारणं पुष्कळदा साधी असतात. एखादा कागद राहिला, फीची तारीख कळली नाही, घरात विचारायला कुणी नव्हतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात वितळणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपली मुलं पावसाळ्यातही वितळतात. निकालापासून पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंतचे पाच-सहा महिने हा आपला धोक्याचा काळ आहे. त्या काळात नेमकं काय होतं ते सांगतो.

पहिलं, कागद. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो: माणसाला 'मोहम्मद' आणि 'मोहद' एकच वाटतात, संगणकाला ते दोन वेगळे माणूस वाटतात. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. हे शाळेत असताना, नववीतच दुरुस्त करून घ्या. दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, अत्तार असे आपल्यातले कितीतरी समाज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबांचा दाखला शोधा, जुनी खरेदीखतं काढा. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. ते हिवाळ्यात सुरू करायचं. जे ओबीसीत येत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो धर्म बघून मिळत नाही, उत्पन्न आणि मालमत्ता बघून मिळतो.

दुसरं, पैसा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ट्यूशन फी माफीच्या जागा असतात, प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा. पण ऑप्शन फॉर्ममध्ये त्या जागा वेगळ्या निवडाव्या लागतात. न निवडता 'आम्हाला मिळाली नाही' म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अम्मींनो, हे लक्षात ठेवा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, भाषा आणि भीड. उर्दू किंवा मराठी माध्यमात जे मूल गणितात हुशार होतं, ते पहिल्या आठवड्यात मुकं होतं. त्याला त्रिकोणमिती येते, 'ट्रिगनॉमेट्री' येत नाही. अपूर्णांक येतात, 'फ्रॅक्शन' येत नाही. माझंही तेच झालं होतं. सर फळ्यावर लिहीत होते आणि मला वाटत होतं, सगळ्यांना कळतंय, मी एकटाच ढ आहे. होस्टेलमधल्या एका सीनिअरने मला रोज रात्री अर्धा तास दिला, म्हणून मी टिकलो. तो मराठी होता, मुसलमान नव्हता, आणि त्याने कधी उपकार केल्यासारखं दाखवलं नाही.

मोबाईलच्या दुकानातल्या त्या मुलाला असा कुणी मिळाला नाही. लेक्चर कळेना म्हणून तो मागे बसू लागला. मागे बसला म्हणून जर्नल पूर्ण झालं नाही. जर्नल नाही म्हणून सरांसमोर जायची लाज. मग हजेरी गेली. त्याची बुद्धी कमी पडली नव्हती. पहिलं जर्नल राहिलं त्या आठवड्यात एका माणसाने शेजारी बसायला हवं होतं. तो माणूस मी असायला हवा होतो.

त्यानंतर आम्ही काही जणांनी पद्धत बदलली. आता आम्ही फॉर्म भरून देत नाही. मूल स्वतः भरतं, आम्ही बाजूला बसतो. फॉर्मच्या आधी त्याला आणि त्याच्या घरच्यांना कॉलेज दाखवून आणतो, वर्कशॉपसकट. निकाल आणि कॉलेज यांच्या मधल्या दिवसांत गणित आणि विज्ञानातले इंग्रजी शब्द घेतो, ड्रॉइंग बोर्डवर हात बसवतो. आणि कॉलेज सुरू झाल्यावर दर रविवारी एक तास. त्या तासाला एकच प्रश्न आधी विचारायचा: "जर्नल दाखव." 'सब ठीक है ना?' असं विचारलं की 'हां' हेच उत्तर येतं. जर्नल खोटं बोलत नाही.

दोन वर्षांनी त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीचा दहावीचा निकाल लागला. अब्बांनी सरळ सांगितलं, एक पोरगं जाऊन परत आलं, आता पोरीला कशाला पाठवू? मला त्यांना काही म्हणायचं तोंड नव्हतं. बोलला तो भाऊच. म्हणाला, "अब्बा, मैं अकेला गया था." आमच्यातली एक डिप्लोमा झालेली आपा त्या मुलीसोबत पहिले चार दिवस बसने गेली. रविवारचा तास एकदाही चुकला नाही. तरी पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. पण निकाल लागला त्याच संध्याकाळी तिने आपाला फोन केला: "राहिलंय, आता काय करू?" तिच्या भावाने तो फोन कधीच केला नव्हता. विषय पुढच्या परीक्षेत निघाला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे.

विद्यार्थ्यांनो, डिप्लोमाला एखादा विषय राहणं ही बदनामी नाही. वायडी लागली, म्हणजे वर्ष गेलं, तरी रस्ता बंद होत नाही. लपवलं तर बंद होतो. अब्बांनो, नापास झालेल्या मुलाला त्या रात्री दुकानावर बसवू नका. एक दिवस थांबा, कुणाला तरी विचारा.

आणि दाराशी उभे असलेल्यांनो, आपण मागण्या करतो आणि कराव्यातच. सच्चर समितीचा अहवाल 2006 चा, आपल्या राज्यातल्या मेहमूदूर रहमान समितीचा 2013 चा. त्यांतलं पुष्कळ अजून कागदावर आहे, त्यासाठी भांडत राहू. पण रविवारच्या एका तासासाठी कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.

या वस्तीचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं इथे जरीपटक्यात उतरली आणि नव्या मुलखात पुन्हा उभी राहिली. नवीन जागी आलेल्याला सुरुवातीचे महिने कुणीतरी सोबत लागतं. पॉलिटेक्निकचं फाटक आमच्या मुलांसाठी तशीच नवीन जागा आहे.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या बाजूला विद्यार्थ्याने नाव लिहायचं, उजव्या बाजूला सोबत करणाऱ्याने. निकालापासून पहिल्या सेमिस्टरच्या निकालापर्यंत, एकाला एक. दोन मुलं घेऊ नका, एकच घ्या, पण सोडू नका. ज्याला दर रविवारी जमणार नाही त्याने कृपया नाव लिहू नये, तो कागदपत्रांच्या कामात मदत करू शकतो, तिथेही माणसं कमी आहेत.

उजव्या बाजूला पहिलं नाव मोबाईलच्या दुकानातल्या त्या मुलाने सकाळीच लिहिलं आहे. तो म्हणाला, इंजिनीअरिंग मला शिकवता येणार नाही, पण जर्नल बघता येईल.