तोडलेल्या रानावर यंत्र घालण्याआधी
(माकणी येथील बैठकीतील भाषण)



आपल्या माकणीच्या शिवारात मोठे जंगल नाही. पण बरडावर, नाल्याकाठी झाडे तोडून मोकळ्या झालेल्या जागा आहेत. तिथे पुन्हा साग, बांबू, चिंच लावायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, जेसीबी कधी येणार? मी म्हणतो, तो येऊन काय करणार हे आधी ठरवा.

सगळे बुडखे उपटून रान सपाट केले की डोळ्यांना बरे दिसते. पण बुडख्यांबरोबर वरची माती ढिगात जाते आणि मुरूम उघडा पडतो. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे सुमारे 100 घनमीटर, वजनाने सव्वाशे टन. उतारावर मोकळी झालेली ही माती पावसाने ओढ्याला लागते आणि शेवटी धरणाच्या पोटात बसते. तिथला गाळ शेतात परत नेण्यासाठी 2017 साली सरकारला योजना काढावी लागली. म्हणजे माती घालवायलाही यंत्राचे भाडे आणि परत आणायलाही भाडे!

यंत्राला माझा विरोध नाही. कडक मुरूम कुदळीने फोडताना माणूस थकतो, तिथे यंत्र हवेच. पण त्याने फोडावे, खरवडू नये. साग, कडुनिंबाचे बुडखे जिवंत असतील तर उपटू नका. त्यांना फुटवे येतात. एक-दोन जोमदार ठेवा, बाकीचे छाटा. ते झाड फुकट मिळते. सागाचे स्टंप तर वन खाते पूर्वीपासून पहारीने भोक पाडून लावत आले आहे. तिथे मोठा खड्डा कशाला?

खड्डे घ्यायचेच तर उन्हाळ्यात घ्या. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला; भरताना वरची माती मुळाशी घाला. चर उताराला आडवे काढा. पालापाचोळा जाळू नका. रान ओले असताना अवजड यंत्र आत घालू नका. माती दबते, मग पाणी मुरत नाही.

आणि शेवटचे, पैशाचे. भाडे तासावर ठरवले तर जास्त उकरण्यातच यंत्रवाल्याचा फायदा. खड्ड्यावर किंवा चराच्या मीटरवर दर ठरवा, रेषा आधी फक्कीने आखा आणि काम चालू असताना बांधावर उभे राहा. यंत्र भाड्याचे आहे, माती आपली आहे.